प्लॅस्टर निघून बारा दिवस झाले, मुलगा पाय टेकवायला तयार नाही

शाहूपुरीची आई:
आम्ही साताऱ्यात राहतो. मुलगा 12 वर्षांचा, सातवीत. डाव्या पायाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे होत आले. टाचेचं हाड आणि त्याच्या पुढचं एक लहान हाड जन्मापासूनच एकमेकांना जोडलेलं होतं. डॉक्टरांनी मधला पूल कापून काढला आणि हाडं परत जुळू नयेत म्हणून त्या फटीत तिथलाच स्नायू भरला. तीन आठवडे प्लॅस्टर होतं. आता जखम भरलीय, संध्याकाळी थोडी सूज येते तेवढीच. हळूहळू वजन द्यायला सांगितलंय. पण हा कुबड्या घेऊन डावा पाय अधांतरीच धरतो. न्हाणीत माझा खांदा धरून एका पायावर उड्या.

मागचं सांगायला हवं. नऊ वर्षांचा होता तेव्हापासून पाय दुखतो म्हणायचा. अजिंक्यताऱ्यावर डांबरी रस्त्याने बरा चढायचा, पायवाटेच्या दगडांवर आला की रडकुंडीला. घोटा तर सारखा मुरगळायचा. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आणि माझं ठरलेलं वाक्य, ‘खेळताना बरा दुखत नाही!’ एका ठिकाणी सपाट तळवा म्हणून बुटात घालायचे सोल दिले, दुसरीकडे वाढीच्या वयात दुखतंच म्हणाले. एक्स-रे दोनदा काढले, दोन्ही वेळा समोरून आणि बाजूने. शेवटी पुण्यात तिरका काढला तेव्हा ते हाड दिसलं, मग सीटी स्कॅन. तीन वर्षं गेली यात.

काल त्याच्या बाबांनी जरा आवाज चढवला, ‘डॉक्टर म्हणालेत ना, आता कसली भीती?’ तर म्हणाला, ‘तेव्हाही तुम्ही म्हणायचात, काही झालेलं नाही.’ मला रात्रभर झोप नाही. जबरदस्ती करू, की थांबू?

विश्रामबागचा बाबा, सांगली:
ताई, माझ्या मुलीचं वेगळं होतं, पायाच्या आतल्या बाजूला जास्तीचं हाड. पण हा पाय वर धरायचा प्रकार अगदी हाच. आमच्या फिजिओंनी घरचा वजनकाटा वापरायला लावला. पोर खुर्चीत बसलेली, दुखरा पाय काट्यावर, आणि तिनेच हळूहळू दाबायचं. पहिल्या दिवशी 2 किलो. आकडा तिचा तिने वाचायचा, आम्ही ‘अजून थोडं’ म्हणायचं नाही, एवढी एकच अट होती. किती वजन चालेल ते मात्र तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा.

कराडची फिजिओ:
ताई, तीन वर्षं ज्या पायाने दुखवलं, त्यावर पाच आठवड्यांत भरवसा कसा बसेल? हे नखरे नव्हेत. बसल्याबसल्या घोटा फिरवून हवेत अ, आ, इ, ई काढू दे. जमिनीवर पंचा पसरून बोटांनी गोळा करायचा, गोट्या उचलायच्या. व्रणावर आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल असं फिरवायचं म्हणजे स्पर्शाची भीती जाते. पोटरी बारीक झालेली दिसेल, घाबरू नका, भरते.

एक मात्र बघा. नुसती चादर लागली तरी ओरडतो का? पाय मधूनच गार निळसर किंवा गरम लाल पडतो का? चकाकतो का, त्याला जास्त घाम येतो का? असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.

शाहूपुरीची आई:
चादरीचं काही नाही, रंगही सारखाच आहे. डॉक्टरांना फोन केला, काट्याला हो म्हणाले. दुकानातला काटा घरी आणला. त्याचं वजन 34 किलो. दोन्ही पायांवर नीट उभा राहिला तर या पायावर 17 येणार, हे त्याचं त्यानेच काढलं. आज चौथा दिवस. 3, 5, 5, 8. तिसऱ्या दिवशी आकडा वाढला नाही तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत राहिले. किती अवघड गेलं ते कसं सांगू.

रात्री त्याच्याजवळ बसून सांगितलं, तू खरं बोलत होतास आणि मी ऐकलं नाही. तो काही बोलला नाही. पायाला तेल लावू का विचारलं तर पाय पुढे केला. व्रण सोडून लावलं.

सोमवारपासून शाळा. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, जिन्याला एका बाजूने कठडा. कसं करायचं?

कराडची फिजिओ:
आधी शाळेला विचारा, महिनाभर वर्ग खाली मिळतो का. नाहीच जमलं तर एका हाताने कठडा, दुसऱ्या बाजूला कुबडी. चढताना बरा पाय आधी. उतरताना कुबडी आणि दुखरा पाय आधी. घरच्या तीन पायऱ्यांवर करून बघा, तुम्ही त्याच्या एक पायरी खाली उभ्या राहा. दप्तर दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.

शाहूपुरीची आई:
शेजारच्या मित्राने दप्तराचं आधीच कबूल केलंय. आज संध्याकाळी पायऱ्या करतो. सकाळी 9 किलो.