शिवसागरला सहल काढावी का? कोयनेचं पाणी, कोयनेची माणसं आणि आपण कोकणवाले

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

आमच्या मंडळाची यंदाची सहल शिवसागरला काढायचं घाटतंय. कुंभार्ली घाटाने कोयनानगर, धरण आणि नेहरू उद्यान बघून साताऱ्यावरून कास-बामणोली, मुनावळ्याला जेट-स्की, मुक्काम तापोळ्याला. पत्रकावर ‘महाराष्ट्राचं मिनी काश्मीर’ असं छापलंय. माझा या सहलीला विरोध आहे. कारणं लिहितो, पटत नसतील तर खुशाल खोडून काढा.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. 1950च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं, पुढच्या दशकात पाणी अडलं आणि पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतली शंभरच्या आसपास गावं उठली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला 1976 साली. म्हणजे ही माणसं उठली तेव्हा जमिनीच्या बदल्यात जमीन मागायला कायद्याचा आधारच नव्हता. 1894च्या इंग्रजी भूसंपादन कायद्याने ठरवलेली भरपाई हातावर ठेवली आणि ‘चला’ म्हटलं. कोणी सांगली-सोलापूरकडे गेलं, कोणी रायगड-ठाण्यात, कोणी घाट उतरून आपल्या जिल्ह्यात. डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दल या संघटनेबरोबर धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले ते 2018 साली. जमिनी जाऊन साठ वर्षं होत आली तरी बसावं लागलं.

आणि या पाण्याचे मोठे लाभार्थी आपणच. पूर्वेकडे कृष्णेला जायचं पाणी बोगद्यातून वळवून पोफळीच्या वीजगृहात खाली सोडलं, अलोरे-कोळकेवाडीवरून ते वाशिष्ठीला येतं. बाकीच्या नद्या एप्रिलमध्ये कोरड्या पडतात, आपली मे महिन्यातही वाहते ती त्यामुळे. लोट्याचे कारखाने त्याच पाण्यावर चालतात. ज्यांच्या घरादारावरून हे पाणी येतं त्यांचे धरणग्रस्ताचे दाखले अजून टेबलावर पडलेत, आणि आपण त्यांच्या गावावर जेट-स्की फिरवायला जायचं? मला हे जमणार नाही.

कांदाटीचा जावई (खेड)

दादा, तळमळ कळली, पण तुमच्या लिहिण्यात एक माणूस कुठेच नाही. जो उठलाच नाही तो.

पाणी खोऱ्याच्या तळाशी भरलं. वरच्या अंगाला राहिलेली गावं तिथेच आहेत. शिंदी, वळवण, आकल्पे या कांदाटी खोऱ्यातल्या गावांचं काय झालं? जिल्हा सातारा, तालुका महाबळेश्वर, आणि मध्ये हे अथांग पाणी. तहसीलला जायचं तर लाँच, नाहीतर लांबचा वळसा. म्हणून बाजाराला, दवाखान्याला, एसटी धरायला माणसं रघुवीर घाट उतरून खोपीवरून आमच्या खेडला येतात. पावसाळ्यात घाटात दरड आली की तेही तुटलं. माझी सासुरवाडी तिथली. घरटी एक तरी माणूस मुंबईला माथाडीत किंवा कुठल्या गोदामात. गावात राहिले म्हातारे, नाचणी-वरी आणि मधाच्या पेट्या.

अशा ठिकाणी गेल्या काही वर्षांत चार पैसे आले ते फिरायला येणाऱ्यांमुळेच. सासूबाई घरातल्या घरात जेवण देतात. नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, सांगून ठेवलं असेल तर गावठी कोंबडी. त्या पैशांतून मेहुण्याने बोटीत हिस्सा घेतला आणि तो मुंबईहून परत आला. पोरगा परत आला हे त्या घरात किती मोठं आहे ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. तुम्ही बहिष्कार घातलात तर पुनर्वसन खात्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. झळ बसेल ती सासूबाईंच्या चुलीला.

किनारा (दापोली)

जावईबापूंशी सहमत. वाशिष्ठीकाठ, तुमचा नियम लावला तर घराबाहेर पडायलाच नको. मुळशीचं धरण टाटांनी बांधलं तेव्हा सेनापती बापटांनी 1921 पासून सत्याग्रह केला, शेतकरी तुरुंगात गेले, तरी धरण झालं. आज मुळशीच्या काठावर रिसॉर्टं आहेत, पुण्याची माणसं शनिवार-रविवार तिथे असतात. भाटघर, पानशेत, सगळीकडे तेच. कोयनेला जायचं नाही आणि मुळशीला चालतं, हे कसं?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

@किनारा: मुळशीचं नाव काढलंत ते बरं केलंत. तिथे आज जाणाऱ्या शंभरातल्या किती जणांना सत्याग्रह झाला हे ठाऊक असतं? कोयनेचं तसं होऊ नये एवढ्यासाठीच भांडतोय. मुळशीच्या बाबतीत शंभर वर्षं उलटून गेली. कोयनेत उठलेली माणसं अजून हयात आहेत, त्यांच्या फाइली उघड्या आहेत. हा फरक मोठा आहे.

@जावई: तुमच्या मेहुण्याच्या बोटीला माझा विरोध नाहीच. पण मंडळाच्या पत्रकात तुमच्या सासूबाईंची भाकरी कुठेय? त्यात रिसॉर्ट आहे, स्पीडबोट आहे, डीजे आहे.

खारपट्ट्यातली लेक (रायगड)

दोन्ही बाजू वाचल्या. तुम्ही ज्यांच्याविषयी बोलताय त्यांतली मी एक. आमचं गाव पाण्याखाली आहे. आजोबा विशीत असताना कुटुंब उठलं आणि इकडे आलं.

आजोबांना डोंगरउताराची शेती यायची. नाचणी, वरी, थोडं भात. इथे मिळाली ती खाडीलगतची जमीन. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात, पुढची दोन-तीन पिकं गेली. गावकऱ्यांनी देव आणले होते पाठीवरून, ते आधी एका पत्र्याच्या शेडमध्ये बसवले, देऊळ खूप नंतर झालं. इथल्या मूळ गावाशी पाण्यावरून, गुरचरणीवरून वाद. शाळेत आम्हाला ‘धरणवाले’ म्हणायचे. बाबांनी उभा जन्म कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. संकलन रजिस्टरात, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीत, आजोबांचं नाव आहे, पण क्षेत्र चुकीचं लिहिलंय. जमीन भोगवटादार वर्ग 2, म्हणजे परवानगीशिवाय विकायची नाही, कर्ज काढताना बँक नाक मुरडते. आता बाबांच्या जागी भाऊ जातो.

एवढं सगळं असूनही वाशिष्ठीकाठदादा, तुमचं ‘जाऊ नका’ मला पटत नाही. मला जायचंय. मे अखेरीला पाणी खाली गेलं की घरांची जोती वर येतात, देवळाचे चिरे दिसतात, असं आमच्यातले जाऊन आलेले सांगतात. आजी गेली तोवर तिला कोणी नेलं नाही. कोणी बोट घेऊन यायला तयार असेल तर मी त्याला पर्यटन म्हणायलाही तयार आहे.

मात्र जेट-स्कीच्या बाबतीत मी दादांच्या बाजूने. शासनाने 2024 साली मुनावळ्याला जलक्रीडा केंद्र काढलं. धरणाच्या सुरक्षेमुळे जलाशयात बोटींवर जी बंधनं होती ती त्यासाठी शिथिल झाली. म्हणजे मनात आणलं तर नियम बदलतात. आमचं क्षेत्र दुरुस्त करायला मात्र तीन पिढ्या पुरत नाहीत. राग आहे तो याचा.

पोफळी वसाहत (अलोरे)

मी वीजगृहात नोकरी करून निवृत्त झालो. वरचं सगळं वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. लेकी, तुझ्या घरच्यांचं जे झालं ते अन्यायच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण कोयना म्हणजे नुसतं पाप असा सूर इथे लागलाय, तो मला मान्य नाही.

1,960 मेगावॅटचा प्रकल्प आहे हा. डोंगराच्या पोटात वीजगृह, आणि पाणी जवळजवळ पाचशे मीटर खाली येऊन जनित्रं फिरवतं. संध्याकाळी साऱ्या राज्यात दिवे लागतात, मागणी एकदम चढते, तेव्हा काही मिनिटांत यंत्रं चालू करता येतात ती इथली. कोळशाच्या केंद्राला ते जमत नाही. चौथ्या टप्प्यासाठी 1999 साली भरलेल्या जलाशयाला खालून भोक पाडलं, पाणी न उपसता. तो दिवस मी पाहिलाय. आपल्याच माणसांनी केलेलं काम आहे ते, आणि पोरांनी बघितलंच पाहिजे.

आणि दुःख फक्त उठलेल्यांच्याच वाट्याला आलं असंही नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे, साडेचारच्या आत, कोयनानगर हादरलं. दीडशेहून जास्त माणसं झोपेत गेली. त्यांत प्रकल्पावरची कामगार कुटुंबं होती. दगड-मातीच्या भिंती अंगावर आल्या. धरणाला तडे गेले, ते नंतर मजबूत केलं. जलाशयामुळे भूकंप होतो का, या प्रश्नाचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं उदाहरण घेतात. छोटे हादरे अजून बसतात, आम्हाला सवय झालीय. सहलीला जाणाऱ्यांनी त्या पहाटेबद्दल एक शब्द तरी पोरांना सांगावा. तेवढं केलंत तर जरूर जा.

बाजारपेठ (चिपळूण)

काका, वीज राज्याला आणि पाणी आम्हाला. 22 जुलै 2021च्या पुरात दुकानात छातीच्या वर पाणी होतं. कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाने किती वाढलं आणि पावसाने किती, यावर अजून भांडणं चालू आहेत. मी सहलीला येत नाही. त्या पाण्याकडे बघून माझं मन रमायचं नाही. इतरांनी जावं, माझी हरकत नाही.

डोंगरवाट (खेड)

पुनर्वसनावर सगळे बोलले. मला पुढचं दिसतंय आणि त्याची जास्त भीती वाटते.

1985 साली कोयना अभयारण्य झालं, 2010 साली चांदोली राष्ट्रीय उद्यानासकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्यासाठी काही गावं पुन्हा उठली. जंगल टिकलं हे खरं, आणि ते टिकायलाच हवं. वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांना ठाऊक असेल, बोटीतून उतरलं की वनखात्याचा माणूस पिशवीतलं प्लॅस्टिक मोजून लिहून घेतो, अनामत ठेवतो, उतरताना परत मोजतो. किल्ल्यावर मुक्काम नाही. ही शिस्त चांगली आहे. आमच्या चोरवण्यातून नागेश्वरला महाशिवरात्रीला हजारो माणसं चढतात, तीही याच जंगलातून. जंगल आणि माणूस एकत्र नांदू शकतात.

पण आता त्याच खोऱ्यात ‘नवीन महाबळेश्वर’ येतंय. सुरुवातीला 235 गावांचा ठरलेला गिरिस्थान प्रकल्प, रस्ते विकास महामंडळाकडे नियोजन. मोठे पूल, रस्ते, रिसॉर्टं. रस्ते हवेतच, बाळंतीण लाँचमधून न्यावी लागते तिथे पूल नको कोण म्हणेल? भीती जमिनीची आहे. आपल्याकडे दापोली-गुहागरला काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. आधी दलाल आला, मग भाव आला, भावकीतल्या एकाने सही केली, दुसऱ्याला कुंपण लागल्यावर कळलं. आज मूळ मालकाचा पोरगा त्याच जागेवर वॉचमन आहे. कोयनेत पाण्याने घेतली नाही ती जमीन आता पैशाने जाईल. किनारा, तुम्ही दापोलीचे, तुम्हाला हे मी सांगायला नको.

तेव्हा माझ्या मते खरा प्रश्न मुक्कामाला कोणाच्या घरात उतरतो आणि बोट कोणाची घेतो हा आहे. मंडळाच्या पन्नास माणसांचे पैसे रिसॉर्टवाल्याला गेले तर तो शेजारची आणखी दोन एकर घेईल.

किनारा (दापोली)

हे मात्र खरं आहे. आमच्या वाडीतल्या तीन घरांचं असंच झालं. तरीसुद्धा बहिष्काराला माझा विरोध कायम. माणसं गेलीच नाहीत तर स्थानिकांपुढे जमीन विकण्याशिवाय उरतं काय?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

डोंगरवाट, मुद्दा बिनतोड. पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही. मुनावळ्याची जेट-स्की आणि डीजेवाली सहल निघाली तर मी वर्गणी देणार नाही आणि बैठकीत उभा राहून तसं सांगणार. पोफळीच्या काकांनी भूकंपाचं सांगितलं, लेकीने गावाचं सांगितलं. हे दोघं बसमध्ये असतील तर ती सहल वेगळी होईल, हे मला मान्य आहे. मग मी विरोध करणार नाही.

कांदाटीचा जावई (खेड)

मग तशीच काढा ना. मोठी बस रघुवीर घाटात नेऊ नका, वळणं अरुंद आहेत. खेडहून जीप करा, खोपी, घाट, शिंदी. पावसाळ्यात नको, तेव्हा प्रशासन पर्यटकांना घाट बंद करतं. जेवणाचं आदल्या दिवशी कळवावं लागतं, तिथे रेंज मिळेलच असं नाही. लेकीला जोती बघायची असतील तर मेचा शेवटचा आठवडा धरा, पाऊस पडायच्या आत. बोट मेहुणा देईल. उतरायला कुठे मिळेल हे वनखात्याला आधी विचारून ठेवू, काही काठ अभयारण्यात येतात, तिथे परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही.

खारपट्ट्यातली लेक (रायगड)

मे अखेर चालेल. भावाला आणि बाबांना विचारते. बाबा बहात्तरचे आहेत, घाटाच्या रस्त्याने जीपमध्ये त्यांना त्रास होईल का? आणि वाशिष्ठीकाठदादा, एक मागणं आहे. मंडळाच्या लेटरहेडवर आमच्यासारख्यांची संकलन रजिस्टरं दुरुस्त करा म्हणून जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्यांना एक पत्र द्या. चिपळूणच्या माणसांनी कोयनेच्या धरणग्रस्तांसाठी लिहिलेलं पत्र बाबांनी आजवर पाहिलेलं नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पत्र देऊ. मसुदा रविवारी इथेच टाकतो, आजोबांच्या नोंदीतली चूक नेमकी काय ते मला व्यक्तिगत निरोपात कळव. वडिलांना पुढच्या सीटवर बसवू.