रेंज नसलेल्या गावाचं म्हणणं कुठं पोचतं? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

माझं माहेर जावळी तालुक्यात, बामणोलीच्या पुढे. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप मोठा आहे, पण त्यावर बोलणारे बहुतेक नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरण्याचे. आधी मंदिराचा सभामंडप की पाण्याची टाकी, हे तिथंच ठरतं. त्या टाकीचं पाणी जिला भरायचंय त्या माझ्या चुलतीला ओसरीच्या एका कोपऱ्यातच रेंज मिळते, पावसाळ्यात तीही नाही. मुंबईकरांनी गावासाठी खूप केलंय, त्यांच्यावर राग नाही. पण गावात राहणाऱ्याचं मत शेवटी विचारलं जातं, किंवा विचारलंच जात नाही, हे फार खुपतं. नेट नाही म्हणून कुठली सभा, कुठली हरकत, कुठला अर्ज हुकला? काही मार्ग काढला असेल तर तोही सांगा.

कोयनाकाठ (पाटण)

पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने ३१ जुलै २०२४ ला काढला. सहा राज्यांतलं छप्पन्न हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, त्यात आमच्या तालुक्यातली गावंही. हरकती-सूचनांना मुदत ६० दिवस, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर. कोयनेच्या खोऱ्यात हे दोन महिने कसे जातात हे इकडच्यांना सांगायला नको. लाइट गेली की टॉवरची बॅटरी काही तास टिकते, त्यानंतर फोन असून नसल्यासारखा.

गावाला मसुद्याचं कळलं ते गणपतीला आलेल्या मुंबईकरांकडून. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला बसले, तोवर निम्म्याहून जास्त मुदत सरली होती. पुतण्याने मुंबईतच पीडीएफ उतरवून, कागदावर काढून आणली. देवळात बसून यादी वाचली. म्हातारी माणसं एकच विचारत होती, "नाचणीच्या वावराचं काय? जळण आणायचं का नाय?" मसुद्यात बंदी होती ती खाणी, वाळूउपसा, जास्त प्रदूषण करणारे लाल गटातले कारखाने, मोठी बांधकामं यांवर. शेती करू नका असं त्यात कुठं नव्हतं. हे आधीच कुणी नीट वाचून दाखवलं असतं तर लोकांची निम्मी भीती तिथंच गेली असती. आणि गावात मसुदा हवा म्हणणारेही आहेत. डोंगर पोखरायला नको, झरे आटतील, असं गुराखी पोरंसुद्धा बोलतात. त्यांचंही म्हणणं दिल्लीला जायला हवं होतं की नाही?

ईमेलशिवाय टपालाचा पत्ताही दिलेला होता, म्हणून निभावलं. दोन अर्ज केले, एक हरकतीचा, एक पाठिंब्याचा. खाली सह्या, अंगठे. एसटी सुरू असलेल्या दिवशी पाटणला जाऊन रजिस्टर केले. दोन्ही मतांचे अर्ज एकाच माणसाच्या पिशवीतून गेले, याचं मला आजही बरं वाटतं.

सातारा शहर

मी ऑनलाइन फॉर्म भरून देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीच्या दंगलीनंतर जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं, तेव्हा दुकानात लोक फॉर्मसाठी नाही, "खरं काय झालंय?" हे विचारायला येत होते. अफवा तर तोंडोतोंडी पसरतच होत्या, खरं-खोटं तपासायला मात्र हातात काही नव्हतं. शांतता हवीच. पण असे बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलंय. ते किती जणांना ठाऊक आहे?

जत पूर्व भाग

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. निम्म्या जागा बायकांना राखीव, पण घरात मोठा फोन एकच आणि तो मालकांच्या खिशात. बैठकीचा निरोप त्यावर यायचा, ते बाजाराला नाहीतर रानात गेलेले. शिवाय आम्ही सीमेवर, फोन मध्येच कर्नाटकातला टॉवर पकडतो. बैठक झाली की सहीसाठी वही घरी यायची. मी म्हटलं, न वाचता सही नाही. "वहिनी, ग्रुपवर टाकलं होतं की!"

मग लेखी नोटीस हातात मिळावी असा अर्ज केला आणि त्याची पोच घेतली. आता शिपाईदादा घरी आणून देतात. पुढं जावेचा जुना फोन मिळाला, मुलीने त्यावर ई-ग्रामस्वराज हे सरकारी संकेतस्थळ उघडून दाखवलं. आपल्या गावाच्या नावाखाली कुठल्या कामाला किती पैसे, ते तिथं दिसतं. त्यानंतरच्या बैठकीत मी गटाराच्या कामाचा आकडा वाचूनच प्रश्न विचारला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. उत्तर मिळालं, आणि कामही बघायला नेलं. हे मला जमलं ते फोन हातात आल्यावर. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या वस्तीवरच्या बायांकडं तो नाही, आणि गावची ग्रामसभा कधी झाली हेही त्यांना फडात कळत नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल?

निवृत्त ग्रामसेवक, शिराळा

ताई, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. ग्रुपवर टाकलं म्हणजे सूचना दिली, हे कुणाचंही मान्य करू नका. ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी, फलकावर नोटीस आणि गावात दवंडी, ही नियमातली पद्धत. वर्षाला किमान चार ग्रामसभा, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. फडावरच्या बायांसाठी तारखा टोळी निघण्याआधी मुकादमाकडं लिहून द्या, आणि एक सभा त्या परतल्यावर ठेवायचा ठराव मांडा. खर्चाची माहिती हवी असेल तर नेट लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज साध्या कागदावर चालतो, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लेखी करायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची, असं कायद्याच्या कलम ६ मध्येच आहे.

तुमच्या नोटिशीच्या अर्जाचा मजकूर इथं टाकाल का? आमच्याकडच्या दोन सदस्यांना तसाच हवा आहे, मी कागदावर उतरवून नेऊन देतो.