मदत हवी आहे: बोत्सवानाच्या प्रगतीचं श्रेय नेतृत्वाला किती द्यायचं?

वसाहतीतून सुटलेल्या देशांचं नेतृत्व आणि शाश्वत विकास यावर निबंध लिहितेय आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या बोत्सवानापाशी अडलेय. 1966 साली स्वतंत्र झाला तेव्हा हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक होता. 1967 मध्ये ओरापाला हिरे सापडले. ती जमीन राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बामांग्वाटो जमातीची, तरी खनिजांचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे घेतला गेला. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. नंतर डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीशी निम्मी भागीदारी आणि पुढच्या पिढ्यांसाठी 1994 मध्ये पुला फंड हा सरकारी बचत निधी.

पण याच देशाने सान या आदिवासी लोकांना मध्य कलहारीच्या राखीव क्षेत्रातून हलवलं आणि 2006 मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. मग याला शाश्वत विकास म्हणायचं का? हे मनातून जातच नाही.

शेजारच्या झांबियात राष्ट्राध्यक्ष काउंडांनी तांब्याच्या खाणी सरकारी ताब्यात आणल्या, पण सत्तरच्या दशकात भाव कोसळले आणि कर्ज चढत गेलं. इथे नेत्याची चूक किती, बाजाराची किती, हे वेगळं कसं काढायचं? अभ्यासकांनी कृपया मार्ग दाखवा. तुलनेसाठी तिसरा देश कोणता घ्यावा, तेही सुचवा. मॉरिशस चालेल का?