विषय: मूर्ती अजून ओल्याच, रविवारी रंगवायच्या की नाही?

प्रेषक: उज्ज्वला (कॉलेज रोड, नाशिक)
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

मंडळी,

आपल्या मंडळाच्या कार्यशाळेत मुलांनी केलेल्या शाडूच्या गणपतींचे, समीरने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून, पॅसिफिकाहून पाठवलेले फोटो आत्ता सकाळी पाहिले. २२ मूर्तींपैकी एकीचाही तळ पांढरा पडलेला नाही. तळ काळपट आहे म्हणजे आत पाणी आहे. पोटाशी आणि मांडीच्या खाचेत तर बोट लावलं तर ठसा उमटेल असं दिसतंय. रविवारी १७ला रंगकाम ठरलंय, रंग आणून झालेत, मुलांना सांगून झालंय. पण ओल्या शाडूवर रंग दिला की आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि चार दिवसांनी पापुद्रे सुटतात. चतुर्थी २७ला. लोकांच्या घरी अशी मूर्ती जाता कामा नये.

वैशालीने सगळ्या मूर्ती समीरच्या गराजमधून तिच्याकडे, खाडीपलीकडे फ्रीमाँटला हलवायचा विषय काढला आहे. न्यायच्या का, कोण नेणार, कशा नेणार, हे आजच ठरवा. तुमचे रात्रीचे आठ म्हणजे माझे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ, तेव्हा मी मेल बघते.

तोवर हेअर ड्रायर कुणीही वापरायचा नाही. मागचं सगळ्यांना आठवत असेलच.

उज्ज्वला

~

प्रेषक: समीर (लिंडा मार, पॅसिफिका)

ताई,

कार्यशाळा झाल्यापासून इथे ऊन असं पडलेलंच नाही. दुपारी दोनच्या सुमाराला तासभर थोडा उजेड येतो, पाचपर्यंत समुद्रावरून परत धुकं आत. यंदाचा जुलै तर फारच गार गेला. ज्यांचे आईवडील नाशिकहून ही लिस्ट वाचतात आणि मला फोन करून विचारतात की समुद्रकिनाऱ्याला ऑगस्टमध्ये ऊन नाही म्हणजे काय, त्यांच्यासाठी एकदाच लिहितो. इथला समुद्र मुंबईसारखा कोमट नाही. उन्हाळ्यात वायव्येचा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खोलातलं गार पाणी वर येतं, १२-१३ अंशांचं. त्यावरून येणारी दमट हवा गार होते, तिचंच धुकं. आणि आत सेंट्रल व्हॅली ३८-४० अंशांना तापली की तिकडची हवा वर जाते आणि जागा भरायला हे धुकं डोंगरांच्या खिंडींतून आत ओढलं जातं. म्हणजे तिकडे उकाडा वाढला की इथे ऊन येईल ही आशा सोडा, उलट धुकं आणखी वाढतं.

मूर्ती हलवायला माझा विरोध आहे. अर्धवट वाळलेली सोंड सगळ्यात नाजूक असते. शार्प पार्क रोडचा चढ, मग २८० हायवे, मग खाडीवरचा सॅन मटेओ ब्रिज. एक ब्रेक जोरात लागला तर काय होईल?

गराजचं दार मी दिवसभर उघडं ठेवतोय, हवा भरपूर खेळती आहे.

समीर

~

प्रेषक: वैशाली (फ्रीमाँट)

समीर, हवा खेळती आहे, पण ती धुक्याची आहे ना!

आमच्या अंगणात काल तीन वाजता २७ अंश होतं. दोन मोठी टेबलं आहेत, वर ताडपत्री बांधता येते. एसयूव्हीत मागची सीट पाडून, खाली रजई घालून, प्रत्येक मूर्ती वेगळ्या खोक्यात ठेवली तर काही होत नाही. मी आणि मिलिंद गुरुवारी संध्याकाळी येऊ शकतो.

आणि हा प्रश्न यंदाच का आला तेही बघू या. २०२३ला अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२४ला ७ सप्टेंबर. सप्टेंबरमध्ये किनाऱ्यावरही ऊन असतं, म्हणून दोन्ही वर्षं निभावलं. यंदा २७ ऑगस्ट म्हणजे मूर्ती वाळवायच्या त्या नेमक्या धुक्याच्या दिवसांत. निम्म्याहून जास्त कुटुंबं ईस्ट बेची, म्हणजे खाडीच्या पूर्वेकडची आहेत. चतुर्थी ऑगस्टमध्ये असेल त्या वर्षी कार्यशाळा आमच्याकडे घ्यावी हे मी समितीत आधीही मांडलं होतं.

वैशाली

~

प्रेषक: प्रमोदकाका (इंदिरानगर, नाशिक)

वैशाली,

कार्यशाळा किनाऱ्यावर का, याचं कारण मी सांगू शकतो, कारण सुरू केली तेव्हा मी तिथे होतो. हॉल परवडत नव्हता. ईस्ट बेमधल्या कुणाला गराजमध्ये माती नको होती. डेली सिटी आणि पॅसिफिकाच्या चार घरांनी आपली गराजं रिकामी करून दिली, वर्षानुवर्षं शाडूची पोती सांभाळली, लादीवरचे डाग घासले. त्यांच्याकडून ती काढून घ्यायची तर नीट बसून बोलायला हवं, मेलवर नाही.

आणि २७ अंशांच्या उन्हाचं म्हणशील तर शाडू उन्हात ठेवायचाच नसतो. बाहेरचा थर आधी आकसतो, आत ओल तशीच राहते, मग तडा जातो. ताडपत्रीखाली ठेवलंस तरी फ्रीमाँटला दुपारचा वारा कोरडा असतो. कान आणि बोटं आधी जातील.



प्रमोदकाका

~

प्रेषक: शैलाकाकू (पंचवटी, नाशिक)

नमस्कार. मध्येच विचारते, राग मानू नका. मी २०ला निघतेय, मुलाकडे डेली सिटीला. पहिल्यांदाच येतेय. तो म्हणतो स्वेटर आण. इथे सगळे म्हणतात ऑगस्टमध्ये अमेरिकेत उन्हाळा, कॅलिफोर्निया तर गरमच. नक्की काय आणू? शिवाय नातवाला तबला हवाय, इथून चांगला मिळतोय. न्यावा का? दुसरं म्हणजे कुरडया, सांडगे डब्यात भरून ठेवलेत, ते तिथे मऊ पडतील का?

शैला

~

प्रेषक: निखिल (वेस्टलेक, डेली सिटी)

काकू, स्वेटर नक्की आणा. नाशिकला जानेवारीत पहाटे फिरायला जाताना जे घालता तेच इथे ऑगस्टमध्ये दुपारी घालायचं. कानटोपीही आणा, वारा कानात जातो. पण एक-दोन सुती साड्यासुद्धा ठेवा. वीसपंचवीस मैल आत गेलात की ३० अंश असतात, आणि शनिवार-रविवार कुणी ना कुणी तुम्हाला तिकडे नेणारच. आमच्याकडे गाडीत कायम प्रत्येकाचं एक जाकीट पडलेलं असतं.

कुरडया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, काही होत नाही. तबला आणा, पण बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. माझा गराजमध्ये होता. दमट हवेत पुडी ओल धरते आणि सूर उतरतो, दर वेळी गठ्ठे ठोकत बसायला लागायचं. वर बैठकीच्या खोलीत आणल्यापासून टिकून लागतो. त्या कपाटांत चामड्याच्या चपला, बॅगा यांनाही बुरशी धरते. कपाटाचं दार किंचित उघडं ठेवायचं आणि वस्तू भिंतीपासून चार बोटं लांब.

मूर्तींबद्दल: माझ्याकडे डीह्युमिडिफायर आहे, हवेतलं पाणी काढणारं यंत्र. समीर, आज रात्री आणून देऊ का? दार बंद करून दोन दिवस चालवला तर बादलीभर पाणी निघेल.

निखिल

~

प्रेषक: अरविंदकाका (पिंपळगाव बसवंत)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी तुमच्या मंडळात आहे, तिने हा सगळा पत्रव्यवहार दाखवला आणि लिहा म्हणाली. मूर्तिकलेतलं मला कळत नाही. वाळवण्यातलं कळतं, कारण जन्म बेदाणा आणि कांद्यात गेला.

तुम्ही सगळे ऊन शोधताय. बेदाणा आम्ही उन्हात करत नाही. शेडमध्ये, सावलीत, जाळ्यांवर एकाखाली एक थर, आणि चारी बाजूंनी वारा. कांद्याची चाळसुद्धा जमिनीपासून उंच असते, खालून फटी ठेवलेल्या. ओल तळातून जायला हवी. तुमच्या फोटोत मूर्ती पाटावर बसवल्यात आणि पाट सिमेंटच्या लादीवर. तळाला वाटच नाही. वरून कितीही हवा द्या, तळ काळाच राहणार.

दुसरी गोष्ट हवेची. समीर सांगतो ते धुकं १३ अंशांचं धरू. ती हवा पाण्याने पूर्ण भरलेली, आर्द्रता १०० टक्के. पण गार हवेत पाणी मावतंच थोडं, घनमीटरला जेमतेम ११ ग्रॅम. तीच हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत ऊबदार झाली, तर पाणी तेवढंच राहतं आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली येते. आज नाशिकला पाऊस लागून राहिलाय. २४ अंश आणि ८८ टक्के धरले तर घनमीटरला १९ ग्रॅम पाणी झालं. म्हणजे तुमच्या धुक्यातली हवा आमच्या श्रावणातल्या हवेपेक्षा कोरडी आहे, फक्त ती गार आहे. आणि आमच्याकडे उशिरा केलेल्या मूर्ती याच हवेत, पंख्याखाली वाळतातच की.

तेव्हा गराजचं दार उघडं ठेवणं हेच उलटं पडतंय. १५ अंशांच्या गराजमध्ये ती हवा ८८-९० टक्क्यांवरच राहणार. डीह्युमिडिफायरही गारठ्यात नीट चालत नाही, नळ्यांवर बर्फ धरतं आणि पाणी निघायचं थांबतं. मूर्ती माणसं राहतात त्या खोलीत आणा आणि खालून हवा द्या.

अरविंद

~

प्रेषक: वैशाली (फ्रीमाँट)

अरविंदकाका, हे पटलं. पण समीरकडे दीड वर्षांची मुलगी आहे, चालायला लागलीय. २२ मूर्ती बैठकीच्या खोलीत ठेवणार कुठे? म्हणूनच मी आमचं घर म्हणत होते. अंगण नको तर आमची बैठकीची खोली घ्या.

वैशाली

~

प्रेषक: समीर (लिंडा मार, पॅसिफिका)

आत्ता थर्मामीटर आणि आर्द्रतामापक लावून बघितलं. गराजमध्ये १५ अंश आणि ८७ टक्के. वर जेवणाच्या खोलीत २० अंश आणि ६१. काका, तुमचा हिशेब बरोबर जुळला.

जेवणाच्या टेबलावर १२ मूर्ती मावतात आणि मुलीचा हात तिथे पोचत नाही. आठवडाभर आम्ही किचनमध्ये जेवू, प्राचीने होकार दिलाय. उरलेल्या १० निखिलकडे. त्याचं घर वेस्टलेकमधल्या बाकीच्या घरांसारखं खाली गराज, वर राहायचं असं आहे. वरची खोली उबदार असते आणि रस्ता दहा-पंधरा मिनिटांचा. ते अंतर मी मांडीवर मूर्ती घेऊन जाईन, पण ब्रिज ओलांडणार नाही.

समीर

~

प्रेषक: निखिल (वेस्टलेक, डेली सिटी)

१० चालतील. जाळ्या कुठून आणू? केक गार करायच्या जाळ्या आमच्याकडे तीनच आहेत.

~

प्रेषक: प्रमोदकाका (इंदिरानगर, नाशिक)

निखिल, मंडळाच्या सामानात दिवाळीच्या फराळाच्या मोठ्या चाळण्या आहेत, निळ्या खोक्यात, समीरच्या गराजच्या वरच्या फळीवर. चकल्या निथळायच्या त्या. उलट्या घाल, खाली दोन विटा. परत करताना पुसून, तेल लावून ठेव, किनाऱ्यावर लोखंडाला लगेच गंज धरतो. मागे एक संपूर्ण सेट असाच गेला.

~

प्रेषक: उज्ज्वला (कॉलेज रोड, नाशिक)
गुरुवार, १४ ऑगस्ट

सगळं वाचलं. अरविंदराव, तुमचे मनापासून आभार. बेदाण्याच्या शेडमधून आमच्या गणपतीला मदत होईल असं वाटलं नव्हतं.

आता असं करा. आजच संध्याकाळी मूर्ती वर न्या. हलवताना पाटासकट उचला, एक हात तळाखाली, सोंडेला किंवा हाताला धरायचं नाही. नंतर पाट काढून मूर्ती अलगद आडवी करा, मऊ टॉवेलवर, पाठ खाली. तळ पोकरायचा आहे. चमच्याच्या दांड्याने मधली माती काढा, कडेला बोटभर जाडी राहू द्या. पोटापर्यंत पोकळ झाली तर वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. हे मागच्या रविवारी, कार्यशाळेतच व्हायला हवं होतं, पण मुलांच्या मूर्ती त्या दिवशी इतक्या मऊ होत्या की आडव्या करणं शक्य नव्हतं. काढलेली माती डब्यात ओली ठेवा, बारीक तडे त्यानेच बुजवायचेत.

मग चाळणीवर उभ्या करा. पंखा लावलात तर मूर्तीवर नाही, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. निखिल, तुझ्याकडे जमिनीतून गरम हवा येते त्या झरोक्यापासून मूर्ती लांब ठेव. पहिले दोन दिवस कान, बोटं आणि सोंडेचं टोक यांना सैल पातळ फडकं गुंडाळा, कोरडं, म्हणजे ती पोटाच्या आधी सुकणार नाहीत. रोज रात्री तळाचे फोटो पाठवा, चेहऱ्याचे नकोत.

रविवारचं रंगकाम रद्द. शनिवारी २३ला करू. आणि ते वैशालीकडे, फ्रीमाँटला. वाळलेली मूर्ती खोक्यात घालून नीट नेता येते आणि रंगाला तिथली हवा उत्तम, एक हात दिला की तासाभरात दुसरा देता येतो. प्रमोदकाका, माती किनाऱ्यावर आणि रंग ईस्ट बेमध्ये, अशी वाटणी ऑगस्टमधल्या चतुर्थीला कायम ठेवावी असं मला वाटतं. तुमची हरकत असेल तर आज दुपारी फोन करा, मी घरीच आहे.

शैलावहिनी, तुम्ही २०ला निघताय तर डोळ्यांच्या आखणीचे बारीक ब्रश तुमच्याबरोबर पाठवते. शून्य नंबरचे सहा आणि दोन नंबरचे चार. उद्या सकाळी पंचवटीत आणून देते, घरी कितीला असाल ते कळवा.

उज्ज्वला

~

प्रेषक: शैलाकाकू (पंचवटी, नाशिक)

उद्या १५ ऑगस्ट, सोसायटीचं झेंडावंदन आहे. दहानंतर या. चहा घेऊनच जा. आणि ब्रश केबिन बॅगेत ठेवू की मोठ्या बॅगेत?

शैला

~

प्रेषक: वैशाली (फ्रीमाँट)

काकू, मोठ्या बॅगेत, कडक खोक्यात घालून. २३ला सकाळी निखिलबरोबर तुम्हीही या, सुती साडी नेसून. आमच्याकडे ऊन आहे.

रंगकामाला कोण कोण येणार ते प्रत्येकाने आज रात्रीपर्यंत कळवा, जेवणाचा अंदाज हवाय.