लक्ष्मी रस्ता: दुकानदार, रहिवासी, मंडळं आणि पथारीवाले एकत्र बसतील का?

शनिवारकर

दरवर्षी ११ डिसेंबरला पुणे महापालिका लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांसाठी बंद ठेवते. २०२१ मध्ये या 'पादचारी दिना'ची सुरुवात झाली. त्या दिवशी आजीआजोबा रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालतात, पोरं चित्रं काढतात, पुढारी भाषणं करतात. १२ तारखेला सकाळी पी-वन, पी-टू, म्हणजे तारखेप्रमाणे आलटून पालटून एका बाजूला पार्किंग, पुन्हा सुरू. पदपथावर दुकानाची वाढवलेली पायरी, तिच्यापुढे साडी नेसवलेला पुतळा, पुतळ्याला टेकून स्कूटर. बाईमाणसानं खाली रस्त्यावर उतरायचं आणि मागून येणाऱ्या रिक्षाचा हॉर्न ऐकायचा.

माझं म्हणणं असं, की हा एक दिवसाचा सोहळा पुरे झाला. या रस्त्याला वर्षभर सांभाळणारी संयुक्त समिती हवी. दुकानदार, आसपासच्या वाड्यांतले आणि सोसायट्यांतले रहिवासी, गणपती मंडळं आणि पथारी व्यावसायिक, चौघंही तिच्यात हवेत. आज प्रत्येकाची संघटना वेगळी आणि निवेदनही वेगळं. व्यापारी लिहितात पथारी उठवा, पथारीवाले लिहितात जागा आखून द्या, रहिवासी लिहितात आमच्या बोळातल्या गाड्या काढा. क्षेत्रीय कार्यालयात ही तीन पत्रं एकाच फायलीत लागतात. एकमेकांविरुद्ध असल्यामुळे साहेबांना काहीच न करण्याची छान सोय होते.

'पुण्यात असं कुठे जमतं' हे आधीच सांगू नका. विसर्जन मिरवणूक बेलबाग चौकातून अलका चौकापर्यंत याच रस्त्यानं जाते. त्याआधी पोलीस, महापालिका, मंडळं, दुकानदार बैठकांना बसतात. क्रम ठरतो, मांडव ठरतात, स्वयंसेवक ठरतात. भांडणं होतात, पण काम होतं. ती माणसं इथलीच आहेत. उत्सवासाठी जी बसतात ती पदपथासाठी का बसू नयेत?

कापडपेठ

शनिवारकर साहेब, लिहिलंय छान, पण सहमत नाही. तिसऱ्या पिढीचं दुकान चालवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्ष्मी रस्त्यावरचं गिऱ्हाईक म्हणजे नुसता शनिवार-नारायण पेठेतला माणूस नाही. लग्नाचा बस्ता बांधायला सासवड, शिरूर, पार बारामतीहून माणसं येतात. नवरी, तिची आई, मावशी, आत्या, गुडघे दुखणारी आजी, वर दोन लहान मुलं. त्यांना पहिला प्रश्न पडतो, 'गाडी कुठे लावायची?' दोनदा फेऱ्या मारून जागा मिळाली नाही की ती गाडी सरळ एखाद्या मॉलच्या तळघरात जाते. मेट्रो आली हे मान्य. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला भुयारी स्टेशन आहे आणि दुकानातली निम्मी पोरं आता तिनंच येतात. पण अकरा साड्या, तीन शालू आणि आहेराचे टॉवेल घेऊन सरकत्या जिन्यावर चढणारी मावशी मला दाखवा.

तुमच्यासारख्या पादचारीप्रेमींचं नेहमी असंच होतं. आधी चालण्याची जागा करायची आणि गाड्यांचं नंतर बघू म्हणायचं. औंधच्या डीपी रस्त्यावर स्मार्ट सिटीत पदपथ रुंद केले तेव्हा तिथल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनीही विरोध केला होता, तो काय हौसेनं? पार्किंगचं धोरण २०१८ साली सभागृहात मंजूर झालं, तेही मोजक्या रस्त्यांपुरतं, आणि ते कित्येक वर्षं कागदावरच राहिलं. ज्या शहराला रस्त्यावरच्या गाडीचे पैसे घ्यायचं धाडस होत नाही, तिथे समिती बसून काय करणार?

आणि एक स्पष्टच बोलतो. मी व्यावसायिक दरानं मिळकतकर भरतो, जीएसटी भरतो, पाटीचेसुद्धा पैसे आकाशचिन्ह विभागात भरतो. माझ्या दारात चादर पसरून तोच कुर्ता निम्म्या भावात विकणारा माझ्या बरोबरीनं समितीत बसणार, हे माझ्या गळी उतरत नाही.

तुळशीबागेतून

कापडपेठ दादा, गळी उतरवायची जबाबदारी कायद्यानं घेतलेली आहे. पथविक्रेता कायदा २०१४ चा. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती, त्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. व्यापारी संघटना आणि रहिवासी संघांनाही त्याच समितीत जागा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला उठवायचं नाही, असंही त्यात आहे. म्हणजे जी 'संयुक्त समिती' काढायला शनिवारकर निघालेत, तिचा निम्मा सांगाडा कायद्यात आधीच आहे. तो सोडून खासगी मंडळ कशाला? त्या मंडळात आम्हाला 'समस्या' म्हणून बोलावणार असाल तर आम्ही येणार नाही.

दारात चादर पसरली म्हणता. दारात बसू देण्याचे रोजचे पैसे कुठले कुठले दुकानदार घेतात हे रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही घेत नसाल, मान्य. पण पायरी आणि पुतळा कुणाचा आहे? अतिक्रमणची गाडी आली की आमच्या बायका गाठोडी उचलून बोळात पळतात. पुतळा काही पळत नाही, आणि त्याला कुणी उचलतही नाही.

बोळातली

तुमच्या तिघांच्या भांडणात राहणारी माणसं कुठे आहेत? आमचा वाडा रस्त्यापासून दोन मिनिटांवर. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दरवाज्यासमोर इतक्या दुचाकी लागतात की सासऱ्यांना डायलिसिसला न्यायला रिक्षा बोळाच्या तोंडाशी उभी करावी लागते आणि त्यांना धरून चालवत न्यावं लागतं. कापडपेठ म्हणतात पार्किंग द्या. कुठे? आमच्याच बोळात ना? आणि शनिवारकर, मुख्य रस्ता गाड्यांना बंद केलात की त्या गाड्या हवेत विरत नाहीत. ११ डिसेंबरला आमच्याकडे काय होतं ते येऊन बघा एकदा.

मंडळांचंही कौतुक पुरे. स्पीकरबद्दल बोललं की कुणाला आवडत नाही.

दूरदेशी

पुण्याचाच, सध्या टोरांटोत. इथली एक गोष्ट सांगतो, कारण वाद बराचसा तोच आहे. ब्लूअर वेस्ट व्हिलेज नावाची दुकानांची पेठ आहे. साठच्या दशकात भुयारी रेल्वे आली. पूर्वी ट्राममधून जाणारी माणसं दुकानं बघत जायची, ती जमिनीखालून जायला लागली. त्यात मॉल आले. दुकानदारांनी वर्गणी काढून दिवे, झाडं, बाकडी करायचं ठरवलं. दहा द्यायचे, वीस फुकट फायदा घ्यायचे. मग त्यांनी कायदाच करून घेतला: पट्ट्यातल्या प्रत्येक व्यवसायानं ठरावीक रक्कम द्यायची, ती महापालिकेनं मिळकतकराबरोबर गोळा करायची आणि सगळी दुकानदारांच्या मंडळाला परत द्यायची. १९७० साली सुरू झालेलं हे जगातलं पहिलं असं मंडळ. नंतर अमेरिकेत आणि इतर देशांत ही पद्धत पसरली.

मंडईचं भुयारी स्टेशन वाचलं आणि हे आठवलं. सक्तीच्या वर्गणीशिवाय कुठलीही समिती दोन दिवाळ्या टिकत नाही.

हिशेबनीस

दूरदेशी, ते तिथे ठीक. लक्ष्मी रस्त्यावर ही वर्गणी नेमकी कुणाकडून घ्यायची? कितीतरी दुकानं पागडीची आहेत. वाड्याचा मालक एक, खाली भाडेकरू दुकानदार, त्यानं पुढे दुसऱ्याला चालवायला दिलेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या छत्राखाली कित्येकांचं भाडं इतकं जुनं आहे की महिन्याच्या भाड्यात एक थाळी येणार नाही. मालक म्हणणार, मला यातून मिळतंय काय की मी रस्ता सजवू? भाडेकरू म्हणणार, मिळकत माझी नाही. मिळकतकराच्या बिलावर ज्याचं नाव, तो कदाचित अमेरिकेत आणि त्याचे चार चुलतभाऊ कोर्टात. शिवाय असा उपकर लावायला राज्याचा कायदा लागेल, नुसता महापालिकेचा ठराव चालणार नाही.

त्यापेक्षा जे हातात आहे ते वापरा. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे. बाकडी, पदपथाची दुरुस्ती, दिवे अशी छोटी कामं त्यात बसतात. अर्ज बहुतेक करून एकेकटी माणसं भरतात. एका पट्ट्यातल्या चार संघटनांनी मिळून एकच अर्ज दिला तर तो बाजूला सारणं जड जाईल. क्षेत्रसभेची, म्हणजे एका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे, पण ती प्रत्यक्षात आणायची निकड कुठल्याच पक्षाला वाटली नाही. मार्च २०२२ नंतर तर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार. तेव्हा विचारायचं कुणाला, हाच प्रश्न होता.

शनिवारकर

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

पथविक्रेता समिती शहराची आहे. ती अख्ख्या पुण्याचं धोरण ठरवेल; नगरकर तालीम चौकातल्या डीपी बॉक्सशेजारी भाजीची टोपली ठेवायची की नाही, हे ती ठरवत बसणार नाही. तरी तुळशीबागेतून यांचा एक मुद्दा पूर्ण घेतो: जागा आखून देण्याचा अधिकार त्याच समितीचा राहू द्या, आपल्या मंडळाचा नको. नाहीतर आपण दुकानदारांचा अतिक्रमण विभाग होऊन बसू. सक्तीची वर्गणी मात्र मलाही नको. तिच्यामागून 'पैसे आमचे, तर रस्ता आमचा' हे येतंच. त्या पद्धतीवर परदेशातही हाच आक्षेप घेतला जातो.

कापडपेठ, पार्किंग आधी की चालणं आधी, हा वाद जंगली महाराज रस्त्यावरही झाला. तिथे महापालिकेनं पदपथ ऐसपैस केले, बाकडी टाकली. आज संध्याकाळी तिथे बाकड्यावर जागा मिळत नाही. बाजूची दुकानं ओस पडलीत असं मला तरी दिसत नाही.

कापडपेठ

जंगली महाराज रस्त्याची रुंदी बघा आणि आमची बघा! तिथे देऊन उरतं. इथे एका बाजूला टेम्पो उभा राहिला की पीएमपीची बस अडकते. उदाहरण देताना मोजपट्टी घ्या जरा.

पण टेम्पोवरून खरी गोष्ट सांगतो, जी या धाग्यात कुणी काढली नाही. सुरतेचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामातून छोट्या टेम्पोनं येतो. तो यायची वेळ आमच्या हातात नसते. सकाळी साडेअकराला, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला येतो. हमाल गठ्ठे पाठीवर घेऊन उतरवतो तोवर मागे रांग वाढत जाते. प्रत्येक दुकानाचा टेम्पो वेगळा, वेळ वेगळी. सगळ्या दुकानदारांनी मिळून ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगितलं की माल सकाळी नऊच्या आतच घेऊ, तर ते ऐकतील. मी एकटा सांगतो तेव्हा ते दुसऱ्याचा माल आधी उतरवून माझ्याकडे दुपारी येतात. यासाठी एकत्र यायला माझी ना नाही.

तुळशीबागेतून

नऊच्या आत माल उतरला तर आमचंही भलं. टेम्पो आला की पहिली उठते ती पथारी.

यात खोक्यांचंही घ्या. रात्री नऊला शटर खाली आलं की प्रत्येक दुकानाबाहेर पुठ्ठा आणि साड्यांच्या प्लास्टिक पिशव्यांचा ढीग पडतो. कचरा वेचणाऱ्या बायका पुठ्ठा नेतात, कारण त्याला भाव मिळतो. पिशव्या राहतात, वाऱ्यानं उडून आमच्या मालाखाली येतात आणि सकाळी पावती आमच्या नावानं फाटते. पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळं, एका ठरलेल्या कोपऱ्यात, एवढं दुकानातल्या पोराला सांगायला कुठला कायदा लागतो?

बोळातली

माल उतरवण्याची वेळ आणि पुठ्ठा. दोन्हीत रहिवाशांचं काही नाही, तरी चालेल, कुठून तरी सुरुवात करा. माझी अट एकच: बोळाच्या तोंडाशी रिक्षा किंवा रुग्णवाहिका वळेल एवढी जागा पिवळ्या पट्ट्यांनी आखून मोकळी ठेवायची, आणि तिथे गाडी लावणाऱ्याला समोरच्या दुकानातल्या माणसानं हटकायचं. वाहतूक पोलीस चौकात असतो, बोळाशी नसतो. दुकानातला वॉचमन दिवसभर तिथेच स्टुलावर बसलेला असतो.

कापडपेठ

वॉचमननं गिऱ्हाइकाला हटकायचं? ताई, गिऱ्हाईक परत येईल का?

बोळातली

तुमचं येईल. तुमच्याकडचा शालू त्याला दुसरीकडे मिळत नाही, असं तुम्हीच पाटीवर लिहिलंय.

हिशेबनीस

बैठक ठरली तर रात्री साडेनऊनंतर ठेवा. दुकानदार आणि पथारीवाले त्याआधी येऊ शकत नाहीत. सकाळी अकराला ठेवलीत तर फक्त निवृत्त मंडळी जमतील आणि ठराव 'वाहनं पूर्ण बंद करा' असा होईल.