लिथुआनियाचा बटरफ्लाय जलतरणपटू: पुढे काय?

पाणकावळा: लिथुआनिया म्हटलं की पोहण्याचा ब्रेस्टस्ट्रोक प्रकार आठवतो. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये २०० मीटरची दोन्ही सुवर्णं झुल्पा आणि काचुशिते यांनी सोव्हिएत संघाकडून मिळवली, २०१२ मध्ये लंडनला १५ वर्षांची मेइलुतिते जिंकली. बटरफ्लायवाल्याचं (दोन्ही हात एकदम पाण्यावरून पुढे टाकत पोहणाऱ्याचं) तिथं करिअर होतं तरी का?

लेन_चार: दानास रॅपशिस बघा, पानेवेझिसचा, जन्म १९९५. बटरफ्लाय आणि बॅकस्ट्रोकही पोहतो, पण नाव झालं फ्रीस्टाईलमध्ये. २०१९ ला ग्वांगजूच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर फ्रीस्टाईलच्या फायनलमध्ये पहिला हात त्याचाच टेकला. फलकावर नाव वर आलं आणि लगेच बाद! इशाऱ्याआधीच स्टार्टच्या ठोकळ्यावर हालचाल झाली म्हणे. सुवर्ण सुन यांगला. माझा तर अजून जळफळाट होतो. २०२४ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य मिळालं, तेवढंच समाधान.

पाणकावळा: म्हणजे बटरफ्लाय सोडणं शहाणपणाचं?

लेन_चार: सोडणं नाही हो, जोडीला दुसरं काही ठेवणं. २०० बटरफ्लायमध्ये शेवटच्या पन्नासात खांदे पाण्याबाहेरच येत नाहीत, कंबर खाली बसते. २०० फ्रीस्टाईलला निदान चौघांची रिले तरी असते.

ओलाटॉवेल: ५० मीटरवाल्यांनी मात्र आता थांबू नये. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये ५० बटरफ्लाय पहिल्यांदाच ऑलिंपिकला आहे. इतकी वर्षं बिचारे जागतिक वगैरे स्पर्धांपुरतेच होते.