मदत हवी आहे: साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार) असूनही बांगलादेश संत्र्यावर एवढं शुल्क कसं लावू शकतो?

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातला. घरची संत्र्याची बाग आहे, आणि संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो.

सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना, साफ्टा तिचाच करार) शिकवताना एकानं विचारलं, "सर, साफ्टा २००६ पासून लागू आहे, मग बांगलादेशानं संत्र्याचं शुल्क किलोमागं २० रुपयांवरून ८८ वर कसं नेलं?" त्यात किती बागांचे सौदे मोडले, हे वरूड-मोर्शीकरांना सांगायला नको.

संवेदनशील मालाची यादी (ज्यावर शुल्कसवलत द्यायची नाही असा माल), सीमाशुल्कावर चढणारी इतर शुल्कं, इथवर मी सांगितलं. अडलो ते पुढं. सार्कच्या सनदेतलं कलम १० म्हणतं की निर्णय एकमतानं घ्यायचे आणि द्विपक्षीय, वादग्रस्त विषय चर्चेलाच घ्यायचे नाहीत. माझ्या मते इथंच सार्कचं घोडं पेंड खातं. २०१६ मध्ये उरीचा हल्ला झाला, इस्लामाबादची परिषद बारगळली, आणि २०१४ च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेलीच नाही.

पण मग पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या संघटनेकडे तर फौज पाठवायचा अधिकार होता. २०१७ मध्ये निवडणूक हरूनही न हटणाऱ्या गॅम्बियाच्या राष्ट्राध्यक्ष जामेह यांना त्यांनी खुर्ची सोडायला लावली. २०२३ मध्ये लष्करी बंडानंतर नायजरला तीच धमकी दिली, आणि जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो, नायजर तिघंही संघटनेतून बाहेर! हे कसं समजवायचं?

परतवाडेकर: गॅम्बियाला तिन्ही बाजूंनी सेनेगल आहे, चौथीकडं समुद्र. निवडून आलेल्या बॅरो यांनी शपथही डाकारमध्येच घेतली होती. फौज कुठून शिरणार, कोणाला बसवणार, सगळं ठरलेलं. नायजर अवाढव्य, आणि माली-बुर्किनानं बजावलं होतं की हल्ला झाला तर तो आमच्यावरच समजू. कायदा तोच होता भाऊ, शेजारी बदलले.

साफ्टातही वाद सोडवायची तरतूद आहे बरं का, कलम २०. पण तक्रार सरकारनं करायची, बागायतदारानं नाही. दिल्लीला ढाक्याशी सीमा, पाणी, ईशान्येकडं जायची वाट असं बरंच बोलायचं असतं. त्या रांगेत संत्रं कुठं बसणार? म्हणून तर राज्य सरकारनं शुल्काच्या निम्मे, किलोमागं ४४ रुपये, अनुदान जाहीर केलं.

धागाकर्ता: पटलं. मग आसियान, आग्नेय आशियाई देशांची संघटना? जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडियाची युद्धबंदी मलेशियानं घडवली ना?

परतवाडेकर: अध्यक्षपद मलेशियाकडं होतं, पण अमेरिकेनं व्यापाराचा दमही भरला होता. आणि वर्ष सरायच्या आत तिथं पुन्हा लढाई पेटली. पोरांना दोन्ही सांगा.

धागाकर्ता: आणि बिमस्टेक, बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट? त्यात पाकिस्तान नाही, म्हणजे संत्र्याचं काही जमेल?

परतवाडेकर: मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ मध्येच सह्या होऊन पडलाय. आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा त्याच्या भरवशावर करू नका.